पंच (इंग्रजी शब्द)

गोव्यात पंच म्हटलं की पंचायतीवर निवडून आलेला माणूस आठवतो, क्रिकेटवाल्यांना अंपायर. इथे घेतलाय तो इंग्रजी पंच, आणि तो एक शब्द नाहीच, स्पेलिंग एक झाल्यामुळे एकत्र पडलेले तीन-चार शब्द आहेत.

कागदाला भोक पाडायचा पंच आणि बॉक्सिंगमधला पंच हे दोघे जुन्या फ्रेंचमधून आलेले, मुळाशी लॅटिनमधलं टोचणे, त्यावर फारसा वाद नाही. ऑफिसात पंच करून आलो म्हणतो तो हाच.

खरा वाद पेयाच्या पंचवर. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला असे पाच जिन्नस म्हणून पांच, हे सगळ्यांना पाठ असतं. या अर्थाचा जुना इंग्रजी उल्लेख १६३२ सालच्या पत्रात सापडतो, तोही हिंदुस्थानातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाचा. पुढे १६७० च्या दशकात इकडे फिरलेला डॉक्टर जॉन फ्रायर (पुस्तक छापलं १६९८ ला) लिहितो की नेरूलला उत्तम अरॅक (गाळलेली दारू) होते, तिच्यापासून इंग्रज पंच करतात आणि हिंदुस्थानीत पंच म्हणजे पाच. मजकूर गोव्याचा असल्यामुळे हे बार्देशातलं नेरूल धरतात, नवी मुंबईतलं नव्हे. गोव्याची अरॅक पुढे लंडनच्या पंचातही नावाजली. अरॅक म्हणजे काजूची फेणी समजू नये, ती ताडामाडाच्या सुरेची.

आक्षेप दोन. त्या काळी इंग्रज हा शब्द साधारण पुंच असा बोलत, पांच मधला लांब आ त्यात बसत नाही. आणि जिन्नस नेहमी पाच नसत, खुद्द फ्रायरच पाचाच्या जोडीला चाराच्या मिश्रणाचंही नाव देतो. म्हणून काहीजण पंचन या मोठ्या पिंपाच्या नावाचा हा तुकडा मानतात, खलाशी दारू पिंपातूनच घेत म्हणून. पण पिंपं युरोपात आधीपासून होती आणि पेयाचं नाव मात्र इकडच्या वखारींच्या कागदांत लवकर दिसतं, तेव्हा पाचाची बाजू थोडी जड वाटते, नक्की म्हणता येत नाही.

बाहुल्यांच्या खेळातला पंच निराळाच, नेपल्सच्या पुल्चिनेला या विदूषकाचं इंग्रजी रूप, लंडनला १६६२ मध्ये दिसतो. त्याच्याच नावाचं विनोदी साप्ताहिक तिथे १८४१ ला निघालं, आणि त्याचं बघून लखनौला १८७७ मध्ये उर्दू अवध पंच.