गोल्फ स्विंगमधलं स्नायूंचं काम

गोल्फ स्विंग म्हणजे जागच्या जागी उभं राहून मारायचा फटका, पण त्यात पोटरीपासून बोटांपर्यंत जवळजवळ सगळं शरीर कामाला लागतं आणि मुख्य म्हणजे ठरलेल्या क्रमाने लागतं. टीव्हीवर बघताना वाटतं सगळं हातच करतायत, तसं नाहीये. जोर येतो पाय, कुल्ले आणि कमरेतून, हात तो क्लबपर्यंत, म्हणजे गोल्फच्या काठीपर्यंत, पोचवतात. नवी मुंबईत सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर क्रिकेट खेळून आलेला माणूस पहिल्यांदा उभा राहिला की नेमकं उलटं करतो, खांदे आणि दंड लावून चेंडू हाणायला बघतो आणि मग कितीही तगडा असला तरी चेंडू लांब जात नाही. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याचं आहे, डावखुऱ्याने बाजू उलट्या धरायच्या.)

क्लब मागे नेताना, म्हणजे बॅकस्विंगमध्ये, पोटाच्या बाजूचे ऑब्लिक, कण्यालगतचे स्नायू, मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला उजवीकडचा ट्रॅपेझियस आणि डाव्या खांद्यात आतून असलेला सबस्कॅप्युलॅरिस काम करतात. खांदे साधारण ९० अंश वळतात, कंबर (इथे म्हणजे नितंबाची हाडं, पेल्विस) त्याच्या निम्मीच, आणि या फरकामुळे धडाचे स्नायू ताणले जातात. ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला तर जास्त जोर देतो, वरती जाऊन रेंगाळलात तर तो फायदा बराचसा जातो.

खरी गंमत खाली येताना आहे. हात अजून मागेच जात असतात आणि तेवढ्यात कंबर चेंडूच्या दिशेने वळायला लागलेली असते. ते वळवतात उजव्या कुल्ल्याचा ग्लुटियस मॅक्सिमस, त्याच पायाचे मांडीमागचे हॅमस्ट्रिंग आणि डाव्या मांडीच्या आतला ॲडक्टर मॅग्नस. कंबर वेग घेते आणि हळू होते, तो वेग धडाला मिळतो, मग दंडाला, मग मनगटाला, शेवटी क्लबच्या टोकाला, गोफणीत दगडाला मिळतो तसा. म्हणून क्रम चुकला तर नुसत्या ताकदीने भरून निघत नाही. खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो, मागे न्यायला त्याच्या साधारण तिप्पट, आणि चेंडूला क्लब टेकलेला असतो फक्त अर्धा मिलिसेकंद, त्यामुळे शेवटच्या क्षणी हाताने काही दुरुस्त करायचं म्हटलं तरी मेंदूला तेवढा वेळच नसतो.

खांद्याचं म्हणाल तर १९८६ मध्ये अमेरिकन सर्जन फ्रँक जोब आणि सहकाऱ्यांनी स्नायूंचे विद्युत संकेत मोजून दाखवलं की सबस्कॅप्युलॅरिस, छातीचा पेक्टोरॅलिस मेजर आणि पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी जोरात काम करतात, खांद्यावरच्या डेल्टॉइडचा वाटा मात्र किरकोळ. जिममध्ये नुसते खांदे फुगवून ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) लांब जाईल असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

चेंडू गेला तरी काम संपत नाही. फॉलो-थ्रूमध्ये अंगातला वेग थांबवायचा असतो, डावी मांडी, डावा कुल्ला आणि डाव्या खांद्याचा इन्फ्रास्पिनॅटस ब्रेक लावतात.

सगळ्यात जास्त तक्रार कंबरेची असते. स्विंगमध्ये कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या आठपट दाब येऊ शकतो असं मोजमाप आहे, आणि हे मणके मुळात फार पिळायला बनलेले नाहीत, वळायचं काम नितंबाच्या सांध्याने आणि छातीमागच्या मणक्यांनी करायचं असतं. आता ऐरोली-महापेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत, वर ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत, असं बसून नितंब आखडलेला माणूस रविवारी सकाळी वॉर्मअप न करता थेट ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, फिरवतो तेव्हा सांधा वळत नाही आणि ते वळण कमरेला सोसावं लागतं. दहा मिनिटं नितंब आणि पाठ मोकळी करून, छोट्या क्लबने हळू स्विंग घेऊन मगच ड्रायव्हर काढावा.

कोपराचं दुखणं वेगळं. मनगट वाकवणारे स्नायू कोपराच्या आतल्या हाडाला जोडलेले असतात, ग्रिप फार घट्ट धरली किंवा क्लब चेंडूआधी जमिनीत घुसला की तिथे ताण येतो, त्यालाच गोल्फर्स एल्बो म्हणतात आणि तो बहुतेक उजव्या हाताला होतो. डाव्या कोपराला दुखतं ते बाहेरच्या बाजूला, टेनिसवाल्यांसारखं.