सोलापूरचा मार्शल लॉ आणि दुसरी सही

सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना दर वर्षी १२ जानेवारीला हार घातले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांच्या बलिदानाची कथा शहरातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात या शहरावर जे राज्य चालले, ते कायद्याच्या कोणत्या आधारावर चालले, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. राज्यघटना सत्तेला आवर कसा घालते हे समजून घ्यायचे असेल, तर १९३० च्या सोलापूरइतका उपयोगी नमुना क्वचितच सापडेल, कारण आवर घालणारी बहुतेक साधने त्या राज्यव्यवस्थेत नव्हतीच.

मे १९३० च्या आरंभी गांधीजींना अटक झाली आणि ८ मे रोजी सोलापुरात पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौक्या आणि न्यायालयाची इमारत पेटवली, काही पोलीस मारले गेले आणि पुढचे काही दिवस शहरातून सरकारी अंमल जवळजवळ उठला. १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. राष्ट्रध्वज बाळगणे हासुद्धा गुन्हा ठरला. या सगळ्याला कायद्याचे रूप मिळाले ते व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी काढलेल्या वटहुकमामुळे. तेव्हाच्या कायद्यानुसार आणीबाणीच्या प्रसंगी गव्हर्नर जनरलला सहा महिने टिकणारा वटहुकूम एकट्याच्या अधिकारात काढता येई. याच अधिकारातून १ मे १९३० रोजी लाहोर कट खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमले गेले होते. भगतसिंग यांच्या वतीने ते प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेले, तेव्हा तेथील न्यायमूर्तींनी १९३१ मध्ये सांगितले की आणीबाणी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार केवळ गव्हर्नर जनरलचा आहे.

संकट आहे हे ठरवणारा, त्यावरचा कायदा करणारा आणि तो कायदा अमलात आणणारा, हे तिघेही येथे शेवटी एकाच खुर्चीपाशी येऊन थांबतात. गृहनिर्माण सोसायटीच्या किंवा विणकरांच्या सहकारी संस्थेच्या खात्यातून पैसे काढताना चेकवर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, हे सोलापुरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पहिला पदाधिकारी लबाड आहे असे त्यात गृहीत धरलेले नसते. तो लबाड निघाला तरी संस्था बुडू नये, एवढाच हेतू असतो. राज्यघटनेचे शास्त्र बरेचसे या दुसऱ्या सहीचे शास्त्र आहे. आयर्विन स्वभावाने कसे होते हा प्रश्न मला म्हणूनच गौण वाटतो.

वटहुकमाचा अधिकार आपल्या घटनाकारांनी काढून टाकला नाही, ही गोष्ट अनेकांना चकित करते. तो कलम १२३ मध्ये राष्ट्रपतींना आणि कलम २१३ मध्ये राज्यपालांना दिलेला आहे. मात्र त्याला अटींची वेसण आहे. संसदेची दोन्ही सभागृहे चालू असताना राष्ट्रपतींना असा अध्यादेश, म्हणजेच वटहुकूम, काढता येत नाही. काढलेला अध्यादेश दोन्ही सभागृहांपुढे ठेवावाच लागतो. आणि संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मान्यता मिळाली नाही, तर तो आपोआप संपतो. संसदेच्या दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर असू नये असे कलम ८५ सांगते, त्यामुळे एका अध्यादेशाचे आयुष्य जास्तीत जास्त साडेसात महिन्यांच्या आसपास भरते. शिवाय कलम १३ मधील ‘कायदा’ या शब्दात अध्यादेशही येतो, म्हणजे मूलभूत हक्कांना बाध आणणारा अध्यादेश न्यायालय रद्द करू शकते. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन कलम २२ घालते, आणि थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क कलम ३२ देते. डॉ. आंबेडकरांनी याच कलमाला घटनेचा आत्मा म्हटले होते, कारण दाद मागण्याची वाट नसेल तर हक्कांची यादी कितीही लांब असली तरी ती कागदावरच राहते. मार्शल लॉचा उल्लेखही घटनेत आहे. तो लागू असताना केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण द्यायचे, तर कलम ३४ प्रमाणे तो निर्णय संसदेने कायदा करून घ्यावा लागतो. ज्यांच्या राज्यात ती कृत्ये घडली त्यांनीच स्वतःला माफी देऊन चालत नाही.

मुदतीची अट मोडण्याची युक्ती बिहारमध्ये सापडली. अध्यादेश संपत आला की तोच नव्याने काढायचा, विधिमंडळापुढे विधेयक न्यायचेच नाही, असा क्रम तेथे वर्षानुवर्षे चालला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी जुनी राजपत्रे चाळून हिशेब मांडला, तेव्हा १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ अध्यादेश असे पुनःपुन्हा काढले गेल्याचे आणि त्यांतले काही दहा वर्षांहून अधिक काळ जगल्याचे दिसून आले. ते स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि घटनापीठाने ही पद्धत म्हणजे घटनेची फसवणूक असल्याचे ठरवले. एका अभ्यासकाच्या चिकाटीने एक भोक बुजले. वाधवा नसते तर ते किती काळ उघडे राहिले असते, याचा विचार अस्वस्थ करतो.

याहून मोठे भोक १९७५ मध्ये उघडे पडले. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळवण्यात आले. दुसरी सही होती, पण ती कोऱ्या चेकवर आधीच करून ठेवलेल्या सहीसारखी होती. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्यांच्या अर्जांवर देशातील अनेक उच्च न्यायालयांनी सुनावणीचा हक्क मान्य केला, परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने त्यांना दाद नाकारली. विरोधात होते ते एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलण्यात आली. बहुमतातल्या चौघांत न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते आणि २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठावर त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. दरम्यान १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अटी कडक केल्या होत्या. ‘अंतर्गत अशांतता’ या सैल शब्दांच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ आला, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असणे आवश्यक झाले, महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने मान्यता लागू लागली, आणि कलम २० व २१ मधील हक्क कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद झाली. १९३० मध्ये सोलापुरात जे घडले त्याला ‘सशस्त्र उठाव’ म्हणता आले असते का, हा वाद आज न्यायालयात तरी घालता येईल.

घटनेच्या अटी आपोआप पाळल्या जात नाहीत, याचे उदाहरण शोधायला सोलापूरबाहेर जावे लागत नाही. कलम २४३-यू प्रमाणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत पाच वर्षे आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील इतर अनेक महापालिकांचीही हीच गत होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता, म्हणजे विलंबाचे एक कारण न्यायालयातच होते. अखेर मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तोवरच्या काळात करवाढीपासून गटारांच्या कंत्राटांपर्यंतचे सभागृहात व्हायचे ठराव एकच अधिकारी प्रशासक म्हणून मंजूर करत होता आणि आयुक्त म्हणून अमलात आणत होता. ६ एप्रिल १९३० रोजी ज्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकावला गेला होता, तिचीच वारस असलेल्या महापालिकेचे सभागृह त्या काळात रिकामे होते.