फिडलची जोडी म्हणजे जुगलबंदी नव्हे

दोन आयरिश फिडलवादकांच्या थेट मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "काय जुगलबंदी आहे!" दुसरी, "दोघं एकच तर वाजवतायत." पहिली साफ चूक. दुसरी बरोबर आहे, पण ती तक्रारीच्या सुरात येते आणि ते जास्त खटकतं.

जुगलबंदी समजावून सांगायची गरज नाही. व्ही. जी. जोग आणि बिस्मिल्ला खाँ ऐकलेल्यांना सवाल-जवाब, तिहाई, समेवरची भेट पाठ असते. वाद्यातले फरकही किरकोळ आहेत. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त हनुवटीखाली धरलेलं आणि तारा जी, डी, ए, ई (पाश्चात्त्य सुरांची नावं; जी सगळ्यात खालची, ई सगळ्यात वरची) अशा लावलेल्या. तबला नसतो, बुटाचा ठेका असतो.

अडतं ते इथे: फिडलच्या जोडीत पाळ्या नसतात. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत दोघं तीच धून एकाच वेळी वाजवतात. आठ बारांचा (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं माप) पहिला भाग दोनदा, आठ बारांचा दुसरा भाग दोनदा, झाले ३२ बार. असे दोन-तीन फेरे झाले की न थांबता पुढची धून. विस्तार नाही, त्यामुळे "कोण भारी पडलं?" हा प्रश्नच गैरलागू.

सगळी कारागिरी बारीक फरकांत असते. एकाच सुरावर एक जण रोल घेतो (मूळ सूर, वरचा, मूळ, खालचा, मूळ, सगळं एका गजात), तर दुसरा तिथेच गजाचे तीन झटपट तुकडे करतो. आयर्लंडमधल्या डॉनेगॉलकडचे वादक सुट्या गजाचे, म्हणजे बहुधा दर सुराला वेगळा गज. तिथल्याच स्लायगोचे जोडगजाचे (एका गजात अनेक सूर) आणि रोलचे. स्लायगोचा हा बाज फिडलवादक मायकेल कोलमनच्या न्यूयॉर्कमधल्या तबकड्यांमुळे सगळीकडे पसरला. दोघांचे अलंकार हुबेहूब जुळले तर जोडी सपाट लागते; गजाचा झोल जुळला नाही तर विस्कटते.

दुसरी युक्ती सप्तकाची. कॉर्क-केरी सीमेवरच्या श्लीव लूखरा भागातली डेनिस मर्फी आणि जुलिया क्लिफर्ड ही भावंडं, दोघंही पॅड्रिग ओ'कीफचे शिष्य. १९६९ साली निघालेली त्यांची तबकडी यासाठी जरूर ऐकावी. एक फिडल धुनेवर, दुसरं तीच धून खालच्या सप्तकात. बोटांचा हिशेब सोपा आहे: दोन तारा खाली, एक बोट पुढे. ई तार मोकळी वाजत असेल तर खालच्याचं पहिलं बोट डी तारेवर. पण जीच्या खाली तारच नाही. म्हणून धून डी तारेवरच्या तिसऱ्या बोटाखाली उतरली की खालच्याला वर येऊन जोडीदाराच्या सुरात मिसळावं लागतं. धुनेचा दुसरा भाग बहुधा चढा असतो, त्यामुळे ही गंमत तिथेच जास्त ऐकू येते. जाड जी तार बोलायला वेळ घेते. रील या जलद नाचाच्या धुनेच्या वेगात गज हलका ठेवला नाही तर खालचं फिडल मागे रेंगाळतं.

एकसुरात चूक लपत नाही. एकाचा ए ४४० हर्ट्झवर आणि दुसऱ्याचा ४४२ वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. जुने वादक सी हा सूर शुद्ध आणि तीव्र यांच्या मधोमध ठेवतात. ती जागा दोघांची एकच हवी, नाहीतर कडवटपणा येतो.

सोबत गिटार नसलेलंच रेकॉर्डिंग निवडा. गिटारच्या कॉर्डमध्ये खालचं सप्तक बुडतं. स्वीडनच्या जोड्यांसारखा मूळ धुनेहून वेगळा दुसरा आवाजही इथे शोधू नका.

हेडफोन लावा. दोन फिडल डाव्या-उजव्या कानात वेगळी ठेवली असतील तर पहिल्या फेऱ्यात डावं, दुसऱ्यात उजवं, तिसऱ्यात दोन्ही ऐका. मध्येच श्रोत्यांची आरोळी येईल. ती बहुधा धून बदलते त्या सांध्याला असते: स्वरपट्टी एका गजात बदलते आणि दोघं एकदम पलीकडे पोचलेले असतात.