काका हसत होते, काकू उठून गेली: छोट्या विनोदी पिक्चरची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२१ मध्ये 'कारखानीसांची वारी' सोनी लिव्हवर आला तेव्हा आम्ही तो नारायण पेठेत काकांकडे बघितला, घरातली सात माणसं एकाच टीव्हीसमोर. मंगेश जोशींचा पिक्चर, आदल्या वर्षी टोकियोच्या फेस्टिव्हलला जाऊन आलेला. पुण्यातलं एक एकत्र कुटुंब, थोरला भाऊ जातो, त्याच्या अस्थी घेऊन भावंडं आणि मुलगा गाडीतून पंढरपूरच्या वाटेला लागतात आणि वाटेत घरातली सगळी उणीदुणी एकेक करून बाहेर यायला लागतात. काका पहिल्या दहा मिनिटांपासून खुदुखुदु हसत होते कारण प्रत्येक भावात त्यांना आमच्या घरातला कोणीतरी दिसत होता. काकू अर्ध्या तासाने उठली, "माणूस गेलाय रे, यात हसायचं काय" म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली. तिचे वडील आदल्या वर्षी कोविडमध्ये गेले होते, अस्थी आणायला फक्त दोघांना जाता आलं होतं, आणि दहावा-तेरावा धड झालाच नव्हता. चुलतभाऊ म्हणाला भारीये पण स्लो आहे. म्हणजे एक घर, एक पिक्चर, आणि तीन माणसांची तीन मतं.

कमी पैशात, मोठ्या स्टारशिवाय केलेला विनोदी पिक्चर आला की दरवेळी अशीच फूट पडते, आणि दरवेळी तीच दोन स्पष्टीकरणं ऐकू येतात, एक म्हणजे आपल्या प्रेक्षकाला कळतच नाही, आणि दुसरं म्हणजे हे फेस्टिव्हलवाले आहेत, यांना लोकांची नाडी माहीत नाही. मला दोन्ही अन्यायाची वाटतात. मराठीत हसवण्याची दोन वेगळी घराणी आहेत, दोन्ही अस्सल आहेत, आणि भांडण बहुतेक वेळा तेव्हाच होतं जेव्हा माणूस एकाचं तिकीट समजून दुसऱ्याच्या मैफलीत जाऊन बसतो.

विनोदी पिक्चरवरून घरात दोन तट पडणं आपल्याकडे बोलपटाइतकंच जुनं आहे. १९३८ चा 'ब्रह्मचारी' घ्या. लिहिला आचार्य अत्र्यांनी, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, आणि थट्टा कुणाची तर आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन आखाड्यात दंड-बैठका काढणाऱ्या तरुणाची. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणतात, त्यावर केवढा गदारोळ झाला, आणि तरी पिक्चर तुफान चालला. नावं ठेवणारे आणि तिकीट काढणारे कित्येकदा एकाच आळीतले असणार, मला तर वाटतं काही वेळा एकच माणूस असणार.

आता पहिलं घराणं, ते म्हणजे तमाशातली बतावणी. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो, एक वाक्य टाकतो, थांबतो, हशा पूर्ण उसळून खाली बसू देतो आणि मग पुढचं टाकतो. म्हणजे तो जो थांबतो ना ती लोकांची जागा आहे, लोकांनी भरायची. दादा कोंडक्यांनी हे जसंच्या तसं पडद्यावर आणलं. मूळ भोरजवळच्या गावचं घर, वाढले मुंबईच्या गिरणगावात, आणि 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य करून करून कुठे किती थांबायचं हे त्यांच्या अंगातच मुरलेलं होतं. १९७१ ला 'सोंगाड्या' आला तेव्हा दादरचं आधी ठरलेलं कोहिनूर थिएटर देव आनंदच्या पिक्चरसाठी काढून घेतलं गेलं, मग बाळासाहेब ठाकऱ्यांची शिवसेना मध्ये पडली आणि पिक्चर लागला, हा किस्सा सगळ्यांना माहितीये. त्यांचे नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी झाले, म्हणजे प्रत्येक पंचवीस आठवडे चालला. पुण्यात पेठेतल्या घरांतून त्यांच्यावर "बायकामुलांना घेऊन जाण्यासारखं नाही" असा शिक्का होता. आजोबा आम्हाला सांगायचे की ते स्वतः अलका टॉकीजला जाऊन बघून यायचे आणि घरी काही बोलायचे नाहीत. मी कोंडके पहिल्यांदा टीव्हीवर बघितले, एकटा, आणि मला त्या थांबण्याच्या जागा रिकाम्या वाटल्या. पुढे गावच्या जत्रेत पडद्यावर दीड-दोन हजार माणसांत बघितला तेव्हा कळलं की त्या जागा कशासाठी ठेवल्यात.

दुसरं घराणं मात्र बरंचसं पुण्यातच वाढलं. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आहे, भरत नाट्य मंदिरात कॉलेजची पोरं एकांकिका करतात आणि समोर बसलेली दुसऱ्या कॉलेजची पोरं घसा फुटेस्तोवर ओरडतात, पण चुकीच्या ठिकाणी हशा मागितला की तीच पोरं सोडत नाहीत. त्यातून एक शिस्त आली की विनोद मागायचा नाही, परिस्थिती खरी ठेवायची आणि हसायचं की नाही हे समोरच्याला ठरवू द्यायचं. त्याच भरतमध्ये १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं, तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. त्यावर पुण्यात काय वाद पेटला! एकोणीस प्रयोगांनंतर ते बसवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेनेच ते थांबवलं, मग या मंडळींनी १९७३ मध्ये वेगळी होऊन थिएटर अकॅडमी काढली. कशावर हसायचं आणि कशावर नाही यावरून हे शहर किती पेटू शकतं हे त्यात दिसलं.

शिवाय लॉ कॉलेज रोडवर १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट, १९६४ पासून फिल्म अर्काइव्ह, पुढे आशय फिल्म क्लब, २००२ पासून पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल. म्हणजे पेठेत आणि कोथरूडमध्ये राहून जगभरचा कोरडा, न सांगता येणारा विनोद बघितलेल्या माणसांची एक-दोन पिढ्यांची पलटण इथे तयार झाली, हे दुसऱ्या कुठल्या मराठी गावात इतकं झालं नाही.

या सगळ्यातून २००८ चा 'वळू' आला. उमेश कुलकर्णी फिल्म इन्स्टिट्यूटचे, लेखन गिरीश कुलकर्णींचं, कुसवडे गावात मोकाट सुटलेला डुरक्या नावाचा वळू, त्याला पकडायला आलेला फॉरेस्टवाला, आणि सरपंच पुन्हा मोहन आगाशे. पिक्चर रॉटरडॅमच्या फेस्टिव्हलला गेला आणि इथे थिएटरलाही लागला, दोन्हीकडे माणसं हसली. मी तो शो विसरणार नाही, मागे बसलेले एक आजोबा शेजाऱ्याला सांगत होते की आमच्या गावात खरंच असा होता, आणि पुढच्या रांगेतल्या दोघी इंटरव्हलला म्हणाल्या, अजून काही घडलंच नाही. दोघंही खरं बोलत होते.

त्यावेळी रिळावर शूट व्हायचं हे लक्षात घ्यायला पाहिजे. ३५ एमएमचा हजार फुटांचा रोल साधारण अकरा मिनिटं चालतो, चारशे फुटांचा साडेचार मिनिटं. प्रत्येक टेकला पैसे जळतात, त्यामुळे कमी पैशातला विनोद हा आधी तालमीत घासूनपुसून घेतलेलाच असायचा, नाटकवाल्यांना घेण्याचं हेही एक कारण, त्यांना सवय असते. पुढे डिजिटल कॅमेरा आला, रिळाची भीती गेली, मग लांबच लांब टेक, नटांनी ऐनवेळी सुचेल ते बोलणं, कुणीतरी अडखळतंय तेही ठेवणं सुरू झालं. त्यातून माणसं जास्त खरी वाटायला लागली, पण घट्टपणा काही ठिकाणी गेला हे मला प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. "स्लो आहे" म्हणणारा माझा चुलतभाऊ प्रत्येक वेळी चुकीचा नसतो.

पैशाचं म्हणाल तर सरकारी अनुदान आहे, अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख अशी रक्कम बरीच वर्षं ऐकतोय, पण ते पिक्चर पूर्ण झाल्यावर, समितीने बघून दर्जा दिल्यावर. तोपर्यंत घरचे, मित्रांचे, कुणाच्या प्लॉटवर काढलेले पैसे.

आणि मग शो. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सला प्राइम टाइममध्ये मराठी पिक्चर दाखवायला सांगितलं, आधी संध्याकाळी ६ ते ९ असं ठरलं, मग थिएटरवाल्यांशी बोलणी होऊन ते दुपारी १२ ते रात्री ९ झालं. आता नोकरदार माणूस मंगळवारी दुपारी साडेबाराला कुठून येणार? मी असा एक शो कोथरूडला बघितलाय, अकरा माणसं, एसीचा आवाज, आणि चौथ्या रांगेतल्या एका बाईंना खरंच हसू आलं तर त्यांनी तोंडावर पदर धरून ते दाबलं, कारण एवढ्या मोकळ्या हॉलमध्ये आपणच एकटं हसतोय याची लाज वाटते माणसाला. बाहेर येऊन त्याच म्हणाल्या, ठीक होता. तोच पिक्चर भरलेल्या हॉलमध्ये त्यांनी बघितला असता तर? मला यात फार वाईट वाटतं, कारण दोन-तीन वर्षांची मेहनत त्या अकरा माणसांच्या "ठीक होता"वर संपते आणि गुरुवारी शो उतरतो.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान पोस्टर आणि ट्रेलर करतात. दुसऱ्या घराण्यातला पिक्चर असतो आणि विकताना तो पहिल्या घराण्यातला म्हणून विकला जातो, भडक रंग, वेडीवाकडी अक्षरं, सगळ्यांचे डोळे मोठे केलेले फोटो, ट्रेलरमध्ये पिक्चरमधले जे पाच मोठे पंच असतील ते सगळे एकामागोमाग. हडपसरहून, चिंचवडहून चौघांचं कुटुंब तिकीट आणि पॉपकॉर्न धरून हजार-बाराशे खर्चून येतं, दोन तास हसायला मिळेल म्हणून, आणि समोर एक घुसमटलेलं घर हळूहळू उलगडत बसतं. ती माणसं चिडली तर मी त्यांना कसा दोष देऊ, त्यांना जे सांगितलं ते मिळालंच नाही. आणि ज्यांना तो पिक्चर मनापासून आवडला असता ते पोस्टर बघूनच आले नाहीत.

परेश मोकाशींचा 'वाळवी' जानेवारी २०२३ मध्ये आला, तो तसा अगदी घरच्या पैशातला नव्हता, मागे मोठी कंपनी होती. पण त्यांनी आधीच थ्रिलकॉम असा शब्द पुढे केला, म्हणजे खून आहे आणि हसूही येईल, तयारीने या. विषय चांगलाच काळा, तरी माणसं तोंडी सांगत गेली आणि पिक्चर टिकला, नंतर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. असा एक शब्द, एक ओळ लहान पिक्चरवाल्यांनाही परवडते, त्याला पैसे लागत नाहीत, फक्त आपला पिक्चर नेमका कोणता आहे हे बिचकून न जाता सांगावं लागतं.

काकूबद्दल एक सांगायचं राहिलं. 'वळू' तिला जवळजवळ पाठ आहे, टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून बसते आणि सरपंच तोंड उघडायच्या आतच हसायला लागते, म्हणजे तिला कोरडा विनोद कळत नाही असं कुणी म्हणायचं कामच नाही. 'कारखानीसांची वारी' तिने अजून पूर्ण बघितलेला नाही. शेवटी काय होतं ते तिने काकांना विचारून घेतलं, कणीक मळता मळता, आणि मग बराच वेळ वडिलांबद्दल बोलत राहिली.