पहिली खेळी काळ्याची, मग पांढऱ्याला किती द्यायचं?

सांबारवडी शेवटची एकच उरली आणि खाणारे दोघं असले की आमच्या घरी एकच कायदा, एकानं कापायची नि दुसऱ्यानं आधी उचलायची. कापणारा मग असा जीव लावून कापतो की सोनाराच्या तराजूत टाकली तरी फरक निघणार नाही. डिसेंबरात भाचा नागपूरला आला होता, दिव्या देशमुखनं 2025 मध्ये बातुमीला महिला वर्ल्ड कप जिंकल्यापासून पोरगा चेसमध्येच जगून राहिला, तर म्हटलं याला जरा गो शिकवू.

गो म्हणजे 19 बाय 19 रेघांचा पट, रेघा जिथे एकमेकींना छेदतात अशा 361 जागा, तिथे आळीपाळीनं सोंगट्या ठेवायच्या आणि जास्त जागा घेरायची. काळा पहिले खेळतो. झालं, पहिल्याच मिनिटाला प्रश्न, "मामाजी, मग काळ्याचाच फायदा नं?"

फायदा आहेच. चेसमध्येही पांढऱ्याला 100 मधले साधारण 54-55 पॉइंट मिळतात. पण तिथे हार, जीत नाहीतर बरोबरी, मग भरपाई द्यायची तरी कशात? सामना बरोबरीतच अडकला की निकालासाठी शेवटी जो आर्मागेडन डाव खेळवतात त्यात बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरतात आणि बदल्यात त्याच्या घड्याळातला वेळ कापतात, जुगाडच तो. गोमध्ये शेवटी जागा मोजतात, त्यामुळे पांढऱ्याला काही पॉइंट आधीच देऊन टाकता येतात. याला म्हणतात कोमी.

पण किती? जपानात आधी 4.5 होती, मग 5.5 झाली आणि 2002 च्या सुमारास 6.5, कारण दर वेळी झालेल्या डावांचा हिशोब काढला की काळा थोडा पुढेच निघायचा. तो अर्धा पॉइंट कशाला, तर डाव बरोबरीत सुटू नये म्हणून, पटावर अर्धी जागा कोणी जिंकूच शकत नाही. चीननं मात्र 5.5 वरून थेट 7.5 वर उडी मारली, मधलं 6.5 गाळलंच, आणि याचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भारी वाटतं.

चिनी मोजणीत सोंगट्या आणि घेरलेली जागा दोन्ही धरतात, म्हणजे डाव संपला की जवळपास प्रत्येक जागा कोणाची तरी असते. एकूण 361, विषम आकडा. काळ्याला 184 तर पांढऱ्याला 177, फरक 7. काळ्यानं अजून एक ओढली की 185 आणि 176, फरक 9. आठ येतच नाही! (मध्ये कोणाचीच नसलेली एखादी जागा उरली तर येतो, पण ते क्वचित.) म्हणजे 5.5 असो की 6.5, काळ्याला दोन्हीकडे 7 नंच जिंकावं लागतं, बदलून फरक शून्य. आणि 7.5 केली की एकदम 9 लागतात. जपानी मोजणीत फक्त घेरलेली जागा आणि घेरून पकडलेल्या सोंगट्या धरतात, तिथे ही भानगड नाही.

हे भाच्याला पटेना म्हणून जुन्या लॅपटॉपवर काटागो चालू केला, गो खेळणारा, 2019 पासूनचा फुकट मिळणारा प्रोग्राम, याचं वैशिष्ट्य म्हणजे कोमी हवी ती टाकता येते. पंखा असा घुमायला लागला की थंडीत हात शेकायला बरं झालं. रिकामा पट, चिनी नियम, कोमी 7.5, तर पारडं पांढऱ्याकडे. 6.5 केली तर काळ्याकडे. 7 टाकली तर मधोमध. जपानी नियमांनी हाच आकडा 6 च्या आसपास येतो. म्हणजे योग्य भरपाई पूर्ण आकड्यातच आहे, आणि बरोबरी नको या हट्टापायी आपण कोणावर तरी अर्ध्या पॉइंटाचा अन्याय करून राहिलो. अल्फागो या प्रोग्रामनं 2016 मध्ये कोरियाचा नावाजलेला गो खेळाडू ली सेडोलला सोलमध्ये 4-1 हरवलं तेव्हाही कोमी 7.5 च होती.

अर्थात हा मशीनचा अंदाज, सिद्ध केलेलं गणित नाही. 19 बाय 19 चा पट कोणीच पूर्ण सोडवलेला नाही, म्हणजे दोघंही बिनचूक खेळले तर काय होईल हे कोणालाच ठाऊक नाही. 5 बाय 5 चा 2002 मध्ये एरिक व्हान डर वेर्फच्या प्रोग्रामनं सोडवला, तिथे काळा मधोमध सोंगटी ठेवून सगळ्या 25 जागा खाऊन टाकतो, आता द्या बरं कोमी.

अजून एक गंमत म्हणजे आधीच्या प्रोग्रामना किती पॉइंटांनी जिंकलो याचं काहीच नसायचं, फक्त जिंकायचं. पुढे असले की आळशी खेळायचे आणि मागे पडले की येड्यासारखे, म्हणून लिहिणाऱ्यांनी काय केलं, त्यांना डाव चालू असतानाच खोटी कोमी दाखवायची, म्हणजे त्यांना वाटावं सामना अटीतटीचा आहे, आणि ते नीट खेळायचे.

शेवटी आम्ही सांबारवडीचाच कायदा लावला, कोमी एकानं सांगायची आणि रंग दुसऱ्यानं निवडायचा. भाचा म्हणाला 12. मी लगेच पांढरा घेतला, पाच पॉइंट फुकटचे कोण सोडते! पण पाच पॉइंट काटागोला दिसतात, माझा तर वरच्या कोपऱ्यात आख्खा घोळकाच मेला. बारा मिळवूनही तीसच्या वर मागे होतो, पुढे मोजलंच नाही.