कुल्फी आटते, गारेगार आटत नाही

एप्रिल लागला की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो सुरू होतात. लाल, हिरव्या, केशरी कांड्या आणि खाली ओळ: ‘घरची हेल्दी कुल्फी, मुलांनी फस्त केली!’ फोटोत असतो कलिंगडाचा रस. अहो, काडीला लावलं म्हणून कलिंगडाची कुल्फी होत नाही. गिरगाव चौपाटीसमोर न्यू कुल्फी सेंटरमध्ये कुल्फी वजनावर मिळते, चाकूने तुकडे करून, काडीबिडी काही नाही, आणि ती शंभर टक्के कुल्फी असते. उलट काडीवर गोठवलेला रस म्हणजे गारेगार. कँडी म्हणा, आइसफ्रूट म्हणा, पण कुल्फी म्हणू नका.

नावाशी माझं भांडण एका मर्यादेपर्यंतच आहे. खरी पंचाईत पुढे होते. दोन्ही एकच समजल्यामुळे एकीचा उपाय दुसरीला लावला जातो. मग ‘कँडी दगडासारखी झाली, काय करू?’ असं कुणी विचारलं की उत्तर येतं, ‘मिल्क पावडर घाला.’ आणि ‘कुल्फी जमतच नाहीये’ म्हटलं की ‘साखर वाढवा’. दुसरा सल्ला तर नेमका उलटा आहे.

कुल्फीवर फार वेळ घालवत नाही, कारण ज्या घरात बासुंदी होते त्या घरात कुल्फी येतेच. फुल क्रीम दुधात साधारण 85 टक्के पाणी असतं. एक लिटरचं अर्धा लिटर केलंत की घन भाग 15 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर जातो. आणखी आटवलंत तर उत्तमच. पाणी उडालं, स्निग्धांश आणि प्रथिनं राहिली, आणि तीच बर्फाचे स्फटिक मोठे होऊ देत नाहीत. कुल्फी मऊ लागते ती यामुळे. पातेलं जाड बुडाचं हवं, कडेची साय खरवडून परत दुधात टाकायची, वेलची शेवटी. मिक्सरमध्ये फेस येईपर्यंत फिरवू नका. हवा भरायला ते आइस्क्रीम नाही. कॉर्नफ्लोअर घालणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय. त्याने दूध दाट दिसतं, पण पाणी होतं तेवढंच राहतं, वर जिभेला खळ लागते. वेळच नसेल तर मिल्क पावडर किंवा मावा चालेल. कंडेन्स्ड मिल्क चालेल, पण मग वरून साखर नको. त्यात 40 टक्क्यांच्या वर साखर आधीच असते. डबा ओतून शिवाय अर्धी वाटी साखर घातलीत तर एकदारी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ती कुल्फी सकाळपर्यंत लिबलिबीतच राहणार.

आता गारेगार. सगळे हिला सोपी समजतात आणि सगळ्यांची हीच बिघडते.

कलिंगडाच्या किंवा मोसंबीच्या रसात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. ते आटवून घालवता येत नाही. आटवलंत तर रसाची चव जाते आणि हाती जॅमचा वास येतो. म्हणजे पाणी राहणार हे धरूनच चालायचं, आणि त्या पाण्याचा सबंध दगड होऊ नये याची जबाबदारी साखरेवर टाकायची. गारेगारमध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते, हे एवढं डोक्यात बसलं तर निम्म्या तक्रारी मिटतील.

होतं असं की रस गोठताना बर्फ होतो तो फक्त पाण्याचा. साखर, रंग, आंबटपणा, सगळं बर्फाबाहेर ढकललं जातं आणि उरलेल्या पाण्यात दाट होत जातं. तो पाक जितका दाट, तितका तो कमी तापमानाला गोठतो, म्हणून फ्रीझरमध्येही थोडा पाक बर्फाच्या कणांमध्ये ओला राहतो. दात लावला की कांडी मऊ तुटते ती या ओल्या पाकामुळे. साखर निम्मी केलीत की हा पाकही जवळपास निम्मा होतो, बर्फ बर्फाला चिकटतो आणि पोरगं दात आपटत बसतं. मग आईला वाटतं फ्रीझर जास्त थंड आहे. फ्रीझर बरोबर आहे हो, साखर कमी पडलीय.

माप सांगते. फळाची स्वतःची आणि वरची मिळून साधारण 15 ते 18 टक्के साखर हवी. पिकलेल्या हापूसच्या रसात जवळपास तेवढी असतेच, त्यामुळे त्यात नुसतं थोडं पाणी आणि चमचा-दोन चमचे साखर पुरते. कलिंगडात मात्र सात-आठ टक्केच असते. अर्धा लिटर रसाला 45-50 ग्रॅम साखर वरून घालावीच लागते. मिश्रण चाखून बघा. प्यायला किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते. कोकम सरबताचंही तसंच, पिण्यासाठी करता त्यापेक्षा दाट करा. आगळ मात्र नको, त्यात मीठ असतं. गूळ चालतो. कैरीच्या पन्ह्याची गुळाची गारेगार मला साखरेच्या कुठल्याही कांडीपेक्षा जास्त आवडते. मधही चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याही रूपात द्यायचा नाही.

शुगर-फ्री गोळ्या घालून ‘गोड तर झालीय’ म्हणणारे इथेच फसतात. त्या गोळ्या चिमूटभर असतात. जिभेला त्या पुरतात, पण पाण्याला अडवायला पदार्थ लागतो आणि तो तिथे नसतोच. ‘नो अ‍ॅडेड शुगर’चा खोक्यातला ज्यूस तसाच ओतला तरी फार वेगळं होत नाही. साखरेची काळजी असेल तर साखर कमी करू नका, साचा लहान घ्या. 60 मिलीच्या कांडीत सगळी मिळून नऊ-दहा ग्रॅम साखर येते, म्हणजे दोन लहान चमचे. बाजारातले मोठमोठे सिलिकॉनचे साचे मला पटत नाहीत ते यासाठीही. अर्धी कांडी खाऊन उरलेली सोफ्यावर वितळते. गोडी खूप न वाढवता मऊपणा हवा असेल तर थोडी साखर काढून त्या जागी ग्लुकोज पावडर घाला. ग्लुकोज साखरेहून कमी गोड, पण वजनाला वजन घेतलं तर गोठण जास्त खाली नेतं.

दुसरी तक्रार: पोरं रस चोखून घेतात आणि काडीला पांढरा बर्फ उरतो. कारण तोच ओला पाक. बर्फाच्या कणांमध्ये वाटा मोकळ्या असल्या की चोखलं की तो निघून येतो. साखर बरोबर असूनही हे होतं, कारण गोठायला वेळ लागला की स्फटिक मोठे होतात आणि वाटा रुंद. म्हणून मिश्रण आधी फ्रीजमध्ये गार करा, साचे बारीक घ्या, कप्प्याच्या तळाला टेकवून ठेवा आणि रात्री लावा, म्हणजे दर दहा मिनिटांनी दार उघडून ‘झालं का?’ होणार नाही. प्लॅस्टिकपेक्षा स्टीलचे छोटे पेले लवकर गोठवतात. आणि कृपा करून रस गाळू नका. गर पाकाला धरून ठेवतो. नितळ गाळलेला रस फोटोत छान दिसतो आणि सगळ्यात आधी पांढरा पडतो. बिया काढा, गर ठेवा. अगदी पाणचट फळ असेल तर त्यात अर्धं केळं किंवा आंब्याच्या दोन फोडी फिरवून टाका.

बाकी फरक किरकोळ आहेत. गारेगारचा साचा काठोकाठ भरू नये, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. काडी दोन्हींत अर्धवट गोठल्यावर खुपसायची. पाणी उकळून गार केलेलंच वापरा, गोठवल्याने जंतू मरत नाहीत.

आंब्याने मात्र सगळेच गोंधळतात, कारण तो दोन्हीकडे जातो. रस आणि पाणी घेतलंत तर गारेगार, वरचा साखरेचा हिशोब लागू. आटवलेल्या दुधात घातलात तर कुल्फी, पण दूध पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर फाटण्याची भीती. कच्च्या दुधात रस ढवळून साच्यात ओतायचा हा जो मधला प्रकार घरोघरी चालतो, तो ना इकडचा ना तिकडचा. दूध आटलेलं नाही, साखर पुरेशी नाही, आणि खाताना करकरणारे दुधाचे खडे. न शिजवलेला अननस तर दुधात घालूच नका, थोड्या वेळात कडू होतं.

मुलं चार वर्षांच्या आतली असतील तर कुल्फीत बदाम-पिस्त्याचे काप नकोत, पूड घाला. आणि लहानग्यांना टोकदार बांबूच्या काडीऐवजी चपटी, गोल कडांची काडी द्या. ती कुठल्याही केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते.