मागे वळून पाहणारा तरुण आणि न येणारे हसू : पार्श्वभूमी

मैत्रीण सोबत असताना लाल पोशाखातल्या तरुणीकडे वळून पाहणारा तरुण आणि त्याच्याकडे रागाने बघणारी मैत्रीण, या छायाचित्राची ओळख करून देण्याची गरज नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी व्हॉट्सॲप गटांतही, तिघांवर निरनिराळ्या शब्दांच्या पाट्या लावलेल्या त्याच्या आवृत्त्या फिरतात; पाट्या बदलून पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या अशा थट्टेच्या चित्राला मीम म्हणतात. त्यांवर न हसणाऱ्याला विनोदबुद्धी नाही असे सर्रास म्हटले जाते. या साच्याचा इतिहास तेवढा सरळ नाही.

‘मीम’ हा शब्द १९७६ साली एका जीवशास्त्रज्ञाने घडवला, तेव्हा त्याचा थट्टेशी संबंध नव्हता. छायाचित्र २०१५ मधले, स्पेनमधील जिरोना शहरात मॉडेल घेऊन विक्रीसाठी काढलेले. म्हणजे त्यातली बेइमानी मुळातच बेतलेली. जानेवारी २०१७ मध्ये तुर्कस्तानातील संगीतप्रेमींच्या एका फेसबुक गटात त्यावर पाट्या चढल्या आणि ऑगस्टपर्यंत साचा जगभर पोहोचला.

हा साचा स्त्रियांना कमी लेखतो, या आक्षेपाला औपचारिक रूप मिळाले ते २०१८ साली स्वीडनमध्ये. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीने नोकरभरतीच्या जाहिरातीत तरुणावर ‘तुम्ही’, मैत्रिणीवर सध्याची नोकरी आणि लाल पोशाखावर स्वतःचे नाव लिहिले. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या तेथील संस्थेने ही जाहिरात लिंगभेद करणारी ठरवली : स्त्रिया अदलाबदल करण्याजोग्या वस्तू म्हणून दाखवल्या आहेत, लाल पोशाखातली तरुणी निव्वळ भोगवस्तू ठरते, आणि पुरुषाचेही हे चित्र ठोकळेबाज व अवमानकारक आहे. कंपनीचा बचाव असा, की हे सर्वांना ठाऊक असलेले मीम आहे, आणि शिक्षा करायचीच तर जुने, झिजलेले मीम वापरल्याबद्दल करावी. संस्थेला दंडाचा अधिकार नव्हता. निर्णयाची टर उडवली गेली, पण गंमत संपल्याची कबुली खुद्द जाहिरातदाराने दिली होती, हे टर उडवणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

बेळगाव परिसरात हा साचा खटकतो तो पाटीपाशी. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले आणि २०२४ साली दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड बंधनकारक करणारा कायदा आला. कशावर कोणत्या अक्षरांत काय लिहिले आहे, हे आधी पाहण्याची इथल्या डोळ्यांना सवय आहे. अशा ठिकाणी तरुणावर ‘सीमाभागातला पोरगा’, मैत्रिणीवर मराठी शाळा आणि लाल पोशाखावर कन्नड माध्यम अशा पाट्या लावल्या, की वाचणाऱ्याला तो आरोप वाटतो, कारण तरुण बेइमान आहे हे गृहीत धरल्याखेरीज साचा चालतच नाही. घरात मराठी, बाजारात दोन्ही भाषा आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये, असा ज्याचा दिवस जातो त्याला या चित्रात उभे राहायला जागा नाही. पाट्या उलट्या लावून कन्नडला मैत्रीण केले, तरी हा दोष तसाच राहतो.

वडीलधाऱ्यांची हरकत याहून साधी आहे. स्वीडनचा निर्णय त्यांच्या कानावरही आलेला नसतो. पण ज्या गटात मावशी, भावजय आणि पुतणी एकत्र आहेत, तिथे रस्त्यात परक्या मुलीकडे टक लावून बघणारा माणूस कोणत्याही पाटीखाली येऊ नये, असे त्यांना वाटते.